घरातलं व्यसन ओळखताना: बाटल्या मोजू नका, नागा बघा

माझा मोठा भाऊ दुचाकीवरून पडला आणि त्याची नडगी मोडली. प्लेट टाकायची होती. दाखल करून घेताना सिस्टर फॉर्म भरत होत्या. त्यांनी विचारलं, "काही व्यसन?" वहिनी म्हणाली, "नाही हो, कधीतरी घेतात मित्रांबरोबर." मी शेजारीच उभी होते आणि मलाही ते खरंच वाटत होतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या रात्री दादा चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागला. चादरीवर एकही मुंगी नव्हती. हात लटलट कापत होते, सदरा घामाने भिजला होता आणि मला तो आमची गेलेली आत्या समजून बोलत होता. आम्हाला वाटलं, भुलीचं औषध डोक्यात गेलं. सकाळी मानसोपचाराचे डॉक्टर आले, त्याच्याकडे दोन मिनिटं बघितलं आणि वहिनीला एवढंच विचारलं, "रोज किती घेतात?"

रोज घेत होता. निदान सहा वर्षं. घरात कधी आरडाओरडा नाही, कधी तोल गेला नाही, ऑफिसात गेला की सगळ्यांच्या आधी हजर. आमच्या डोक्यातला दारुडा गटाराकाठी पडलेला असायचा. दादा त्यात बसतच नव्हता.

पुढे व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या बैठकांना जायला लागले आणि जवळजवळ प्रत्येक घराची गोष्ट अशीच निघाली. सगळे जण किती पितो, कुठे पितो, कोणाबरोबर पितो हे मोजत बसलेले. खरी खूण मात्र वेगळीकडे असते. माणूस पितो त्या दिवशी फारसं कळत नाही. नागा पडला, म्हणजे एखाद्या दिवशी घ्यायची राहिली, त्या दिवशी कळतं.

आधी काय शोधायचं ते ठरवा

पिणं आणि व्यसन एक नव्हे. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशभरच्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि त्यांपैकी मदतीची गरज असलेले ५.७ कोटी, म्हणजे तिघांतला एक. उरलेल्या दोघांवर संशय घेऊन काही हाती लागत नाही.

डॉक्टर निदान करताना साधारण सहा गोष्टी पाहतात: अनावर तलफ, सुरू केल्यावर थांबता न येणं, बंद केल्यावर शारीरिक त्रास, तेवढीच नशा व्हायला दिवसेंदिवस जास्त लागणं, बाकी सगळ्या आवडी मागे पडणं, आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही चालू ठेवणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत यांपैकी तीन गोष्टी वर्षभरात एकत्र दिसल्या तर त्याला अवलंबित्व म्हटलं आहे. निदान तुम्ही करायचं नाही. तुम्ही फक्त नोंद करायची.

यातली चौथी गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगतात. "आमच्या भाऊला चढतच नाही, सगळ्यांना घरी पोचवून मग येतो." हे भूषण नाही. शरीराला सवय झाली, एवढाच त्याचा अर्थ.

मापाबद्दलही एक गैरसमज काढून टाका. एका ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. आणि "तो फक्त बिअरच घेतो" हे वाक्य तर मी शंभरदा ऐकलं असेल. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत जवळजवळ ४० ग्रॅम असतं, म्हणजे चार पेग. रोज दोन बाटल्या बिअर घेणारा माणूस रोज क्वार्टरपेक्षा जास्त पितो आणि घरचे म्हणतात, हार्ड नाही घेत.

नागा पडतो ते दिवस हेरा

आपल्या पंचांगानेच याची सोय करून ठेवली आहे. श्रावण पाळणारे कितीतरी जण आहेत. गटारीला मनसोक्त घेतात आणि मग महिनाभर शिवत नाहीत. कोणी श्रावण पाळला की घरचे निर्धास्त होतात. मीही व्हायचे, कारण दादा पाळायचा. पाळत होता हे खरंही असावं, सुरुवातीला. शेवटच्या दोन वर्षांत मात्र श्रावणात त्याला "कामाच्या ताणामुळे" झोपेच्या गोळ्या लागायच्या. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी कोण मागतो? या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या मेंदूवर बऱ्याच अंशी दारूसारखंच काम करतात, म्हणून त्या दारूची जागा चालवून घेतात. श्रावणात गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांकडे आमच्यापैकी कोणी बघितलंच नाही.

तेव्हा श्रावण, नवरात्र, २ ऑक्टोबर किंवा मतदानाआधीचा ड्राय डे, सासरवाडीचा मुक्काम, लांबचा रेल्वे प्रवास, आजारपण, यांपैकी जे समोर येईल ते बघा. नागा पडायच्या आधी त्याची धावपळ होते का? ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी गाडीची डिकी भरते का? मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर अर्ध्या तासात "जरा पाय मोकळे करून येतो" होतं का? लग्नघरात दारू नाही म्हटल्यावर जायचंच टाळतो का? आणि नागा पडलाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं?

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथल्या घरांत दुकानाची पिशवी आणि बिलं दिसणार नाहीत. तिथे हद्दीपलीकडच्या फेऱ्या आणि हातउसने पैसे बघावे लागतात.

शरीर काय सांगतं

शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांनी हात कापू लागतात. म्हणून वेळ सकाळची धरा. चहाची बशी दोन्ही हातांनी धरणं, दाढी करताना कापून घेणं, बँकेत सही न जुळणं, ब्रश करताना कोरड्या उमाळ्या, नाश्ता नको वाटणं, थंडीतही कपाळाला घाम. आणि मग नऊ-दहाच्या सुमारास बाहेर एक चक्कर मारून आला की हात स्थिर! ही एक गोष्ट दिसली तर बाकीच्या दहा नाही दिसल्या तरी चालेल.

वासावर फार विसंबू नका. वेलदोडा, बडीशेप, गुटखा, परफ्यूम यांची सगळी व्यवस्था आधीच झालेली असते. उलट, रोज संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या थेट बाथरूममध्ये जाणारा माणूस लक्षात ठेवा.

पुढच्या टप्प्याच्या खुणा म्हणजे तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा, लाल तळहात, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, पायांवर सूज, पिवळे डोळे. रक्त तपासणीत यकृताचं जीजीटी वाढलेलं दिसतं, पण तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. फॅटी लिव्हर, काही औषधं यांनीही ते वाढतं. आदल्या रात्रीचं बोलणं, फोन, जेवण सकाळी अजिबात न आठवणं ही मात्र स्मृतीतली खरीखुरी गाळलेली जागा असते. ते नाटक नव्हे.

बायकांच्या बाबतीत दोन गोष्टी. तेवढ्याच दारूने त्यांच्या यकृताला लवकर इजा होते. आणि घरचे त्यांचं पिणं पुरुषांच्या पिण्यापेक्षा जास्त लपवतात. बाईला "बीपीचा त्रास" असतो, "अशक्तपणा" असतो. औषधांच्या कपाटात खोकल्याच्या बाटल्या आणि झोपेच्या गोळ्या का साठतात, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

मुलाबद्दल शंका असेल तर

दारूपेक्षा ड्रग्जच्या खुणा वेगळ्या, आणि प्रत्येकाची आपली तऱ्हा.

गांजा ओढलेल्याचे डोळे लाल, भूक अवेळी आणि प्रचंड, बोलणं संथ. खिशात डोळ्यांच्या थेंबांची बाटली आणि गोगो, म्हणजे सिगारेट वळायचे पातळ कागद. अभ्यासातून, क्रिकेटमधून, जुन्या मित्रांतून हळूहळू अंग काढून घेणं ही खूण डोळ्यांच्या लालीपेक्षा खात्रीची.

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, घेतली की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, बसल्या बसल्या डुलकी लागते, अंग खाजवत राहतो. घरातली चांदी, म्हणजे अॅल्युमिनियम फॉइल, संपू लागते. जळका तुकडा, नळी केलेली दहाची नोट सापडते. न मिळाल्यावर नाक गळतं, जांभया थांबत नाहीत, अंगावर काटा येतो, हाडं दुखतात, जुलाब होतात. घरचे म्हणतात, फ्लू झाला. गर्दुल्ल्यांच्या भाषेत ही टर्की. महिन्यातून दोन-तीनदा फ्लू होणारा आणि तासाभरासाठी बाहेर जाऊन बरा होऊन येणारा तरुण मुलगा बघितलात, तर तापाचं औषध देत बसू नका.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, याच्या उलट. बाहुल्या मोठ्या, दोन-तीन रात्री झोप नाही, दात करकरा खातो, बडबड, भलभलते संशय, वजन झपाट्याने उतरतं. मग एकदा झोपला की दीड दिवस उठत नाही. पुढचे दोन दिवस उदास आणि चिडका. न मिळाल्याची खूण इथे झोपेत दिसते.

लहान वयाच्या मुलांत व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन. ओठांभोवती पुरळ, ओला रुमाल, दप्तराला थिनरचा वास. यात पहिल्याच वेळीही हृदय बंद पडू शकतं, म्हणून "लहान आहे, सुटेल" म्हणून थांबू नका. गोळ्यांची नावं गावागणिक बदलतात. मुंबईत बटन म्हणतात, मालेगावकडे कुत्ता गोळी. नाव पाठ करण्यापेक्षा रिकामी पाकिटं जपून ठेवा, डॉक्टर त्यावरून ओळखतात.

लघवीच्या तपासणीचे संच मिळतात. मुलाच्या नकळत वापरू नका, असं माझं मत. एक तर त्यातून 'घेतलं' एवढंच कळतं, 'व्यसन आहे' हे कळत नाही. आणि एकदा घरातच पोलिस-चोर सुरू झालं की मुलगा तुमच्यापेक्षा हुशार निघतो.

तीन आठवड्यांची वही

दिनदर्शिकेच्या मागच्या पानावरही चालेल. काय दिसलं, किती वाजता, किती पैसे, कोणता शब्द मोडला. बस. "पुन्हा पिऊन आला, नालायक" असं लिहू नका. "गुरुवार, धाकटीला शाळेतून आणायला सव्वा तास उशीर, गाडी चालवत आला" असं लिहा. तीन आठवड्यांत एक तर तुमचा संशय विरघळतो, नाहीतर आकार घेतो. दोन्ही उपयोगाचंच.

यातच स्वतःचीही एक नोंद ठेवा. त्याच्यासाठी तुम्ही काय काय केलंत? वहिनीने नंतर हिशोब काढला तर त्या वर्षात तिने दादाच्या ऑफिसात "ताप आहे" म्हणून अकरा फोन केले होते. अकराव्यांदा साहेबांनीच विचारलं म्हणे, मलेरिया तर नाही ना?

दुसरा आजार नाही ना?

हे वगळू नका. साखर एकदम उतरलेला मधुमेही अडखळत बोलतो, घामेजतो, भांडतो, थेट प्यायल्यासारखा दिसतो. साखर फार चढली की श्वासाला फळासारखा वास येतो. थायरॉइडचं काम वाढलं की हात कापतात आणि वजन उतरतं. तरुण मुलाचं एकलकोंडेपण हे नुसतं नैराश्यही असू शकतं. आणि खरोखर पिणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागून आत रक्त साचलेलं असताना "पिऊन पडलाय, झोपू दे" म्हणून त्याला सोडून देतात. पडल्यानंतर गुंगी वाढत चालली तर वासाकडे लक्ष न देता दवाखाना गाठा.

लगेच १०८ ला फोन करायचा कधी?

हलवूनही जाग येत नाही, श्वास अगदी हळू किंवा घोरल्यासारखा, ओठ निळे: कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. लिंबूपाणी, ताक, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यातलं काहीही नको. बेशुद्ध माणसाच्या घशात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. गर्दचा संशय असेल तर तसं स्पष्ट सांगा, त्यावर नॅलॉक्सोन हे उतारा देणारं इंजेक्शन असतं. हातभट्टीची घेतल्यावर डोळ्यांपुढे धुकं आलं तर तो मिथेनॉलचा, म्हणजे विषारी अल्कोहोलचा, प्रकार असू शकतो. मुंबईतल्या मालवणी भागात २०१५ मध्ये त्याने शंभराहून जास्त माणसं गेली. अशा वेळी झोपून उतरण्याची वाट बघायची नसते.

आणि दादासारखं: दारू बंद झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत फिट, किंवा दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम. यात जीव जातो.

म्हणूनच रोज भरपूर पिणाऱ्याला एका झटक्यात बंद करायला लावू नका. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, देवाला साकडं, माळ घालणं. माळेने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्या श्रद्धेला माझा हात जोडून नमस्कार. पण माळ घालायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन आठवडाभराची औषधं आणि थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची सोय करा. माळेने मन घट्ट होतं. फिट थांबवायला औषधच लागतं.

भिंतीवर "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" लिहिलेलं असतं, त्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुडीत डायसल्फिरॅम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि त्यावर माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हे औषध चांगलं आहे, पण ते घेणाऱ्याला माहीत असून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. भाजीत कालवून नव्हे.

बोलायचं कसं

सकाळी बोला, प्यायलेला असताना कधीच नाही. अगदी कापत असेल तेव्हाही नको. नाश्त्यानंतरची वेळ बरी. एकाने बोलायचं, फार तर दोघांनी. सगळं खानदान गोळा केलंत की तो आरोपी होतो. कोण बोलणार हेही विचारपूर्वक ठरवा. बायकोचं हजारदा ऐकून झालेलं असतं. आमच्याकडे दादाचा शाळेतला मित्र बोलला.

शब्द वहीतले वापरा. "तू बेवडा झालायस" यावर भांडणच होणार. "दादा, गुरुवारी धाकटी सव्वा तास गेटवर उभी होती, आणि तू गाडीवर आलास. मला भीती वाटते" यावर भांडायला जागा कमी. तो म्हणेल, मी कधीही सोडू शकतो. वाद घालू नका. पुढच्या बुधवारी आपण फक्त डॉक्टरांना विचारून येऊ, एवढंच मागा. एकदा बोलून होत नाही, चार-पाचदा बोलावं लागतं. अंगावर हात टाकणारा माणूस असेल तर मात्र आधी तुमची आणि मुलांची सोय करा. बोलणं नंतर.

तो ऐकायच्या मनःस्थितीत असला तर चार प्रश्न त्याचे त्यालाच विचारू द्या. जॉन युइंग या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाचे आहेत: कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कोणी टोकलं तर राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोन उत्तरं 'हो' आली तर तज्ज्ञांना भेटायला हवं.

जायचं कुठे

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या बैठकांना फी नाही. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, आणि तो आला नाही तरी तुम्ही जाऊ शकता. मी तशीच गेले होते.

खासगी केंद्र निवडताना नोंदणी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक आहे आणि साखळीने बांधण्यावर बंदी आहे. "रात्री गाडी पाठवतो, उचलून नेतो, तीन महिने भेटायचं नाही" म्हणणाऱ्या ठिकाणी पाऊल टाकू नका. ड्रग्जच्या बाबतीत घरचे पोलिसांना घाबरून गप्प बसतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये, स्वतः घेण्याचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून संरक्षण आहे. वकिलाला विचारून घ्या, पण त्या भीतीपायी उपचार अडवू नका.

पहिल्या भेटीला वही, गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट न्या. आणि शेवटची कधी घेतली ती वेळ. पुढच्या तीन दिवसांत काय होऊ शकतं याचा अंदाज डॉक्टर त्यावरून बांधतात. दुसऱ्याच कारणासाठी दवाखान्यात दाखल करायची वेळ आली, हर्निया असो की पायाचं हाड, तरी "काही व्यसन?" या प्रश्नाला पेशंटसमोर बोलणं जमत नसेल तर सिस्टरना बाजूला घेऊन सांगा: रोज घेतात, इतकी घेतात, काल रात्री दहाला घेतली होती. मागच्या वर्षी दादाचं प्लेट काढायचं ऑपरेशन झालं, तेव्हा फॉर्मवरच्या त्या रकान्यात वहिनीने स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तेवढं वाचून आणखी चार प्रश्न विचारले.